टुणकीची ओटी

कापसाला सोन्याचा भाव आला की भल्याभल्यांची डोकी कशी फिरतात, हे ज्याला बघायचं असेल त्याने त्या वर्षी वऱ्हाडात यायला हवं होतं. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली होती, तिथला कापूस तिथेच अडकला होता आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसल्या होत्या. मग काय विचारता! ज्वारीच्या वावरात कापूस, तुरीच्या जागी कापूस, परसात कापूस, ओसरीवर कापूस. माणसं कापसावर बसत, कापसावर निजत आणि बोलत तेही कापसाचंच. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या, पण त्याच घरात वरणावर टाकायला मूठभर कोथिंबीर शोधली तर मिळायची नाही.

वलगावात कोथिंबीर मिळायची ती एकाच ठिकाणी, जयवंताच्या मळ्यात. पेढी नदीच्या अंगाला, मोटेच्या विहिरीभोवती तिचा तो हिरवा तुकडा होता. वांगी, मेथी, वाल, अंबाडी, कडेने झेंडू. ती सून म्हणून आली तेव्हा तिथे नुसती हरळी आणि बोरीची काटेरी झुडपं होती. झुडपं तिने तोडली, हरळी खणून काढली आणि पहिलं वांगं आलं तेव्हा ते तिने महादेवाला वाहिलं होतं. आता दर बाजाराला ती टोपली घेऊन अमरावतीला जायची, आपल्या ठरलेल्या जागी बसायची, आणि कुणी फार घासाघीस केली तर त्याला असं काही सुनवायची की पुढच्या बाजाराला तो मुकाट्याने भाजी घेऊन जायचा. वावर नवऱ्याचं आणि मळा जयवंताचा, हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं.

तिचा नवरा पंजाबराव मनाने चांगला, पण कानाने हलका. पारावर कुणीतरी म्हणालं, "पंजाबराव, पान्याखालची जमीन भाजीत घालून राहिले, येडे का काय तुमी?" झालं! त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात मळा घुसला.

"या मिरगाले मळ्यात तिफन घालतो. भाजी विकून कोनी पाटील झाला का?" तो म्हणायचा.

"अन् कापूस खाऊन कोन जगला जी?" जयवंता उलट विचारायची.

तोंडाने ती ऐकायची नाही, पण विहिरीवर एकटी बसली की मनातल्या मनात हिशेब मांडायची. जमीन शेवटी नवऱ्याच्या नावाची. मळा गेला की बाजारातली जागा गेली, आणि मग काय उरलं? कमरेला ओटी बांधून नवऱ्याच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायांमधली आणखी एक बाई. मृग नक्षत्र काही कुणासाठी थांबत नाही, ते यायचंच होतं, आणि त्याच्यामागोमाग पेरणीची तिफण.

त्याच दिवसांत पंजाबराव कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्यापलीकडे गेला होता. रेल्वे अजून आमच्याकडे पोचली नव्हती. जिथवर रूळ आले होते तिथवर बैलगाडीने कापूस न्यायचा, तिथे उतरवायचा आणि रिकाम्या गाड्या हाकत परतायचं. या खेपेला मात्र परतताना एक गाडी रिकामी नव्हती. अमरावतीच्या एका कापूसवाल्या साहेबाने ऑस्ट्रेलिया नावाच्या मुलखातून घोडे मागवले होते, आणि घोड्यांबरोबर हौस म्हणून आणखी एक जनावर. घोडे आपल्या पायांनी गेले. जनावराचा पिंजरा पंजाबरावाच्या गाडीत चढला.

अकोल्याला त्याने बैल सोडले तेव्हा अर्धं गाव पिंजऱ्याभोवती गोळा झालं. तोंड हरणाचं, कान गाढवाचे, पुढचे पाय उंदराचे, मागचे पाय कुणाचेच नाहीत, आणि शेपटी म्हणाल तर मुसळाएवढी जाड. एक म्हातारा म्हणाला, देवाच्या घरी उरलंसुरलं सामान होतं, त्याचं केलेलं दिसतंय. लोक हसले आणि पंजाबरावाची छाती उगाचच फुगली.

खरी गंमत अमरावतीला साहेबाच्या बंगल्यावर झाली. पिंजरा उतरवला, दार उघडलं, पण जनावराचं तोंड होतं आतल्या बाजूला. पंजाबरावाने जन्मभर बैल मागे सारले होते. त्याने पलीकडच्या फटीतून हात घालून जनावराच्या छातीवर ठेवला आणि बैलाला म्हणतात तसं म्हणाला, "मांगं, मांगं सर!" बैल सरतो. कांगारू सरत नाही. त्याची ती मोठाली पावलं आणि जाडजूड शेपटी अशी बेतलेली असते की पुढे झेप घेताना ते वाऱ्याशी शर्यत लावेल, पण मागे सरायचं म्हटलं की त्याचं सगळंच अडतं. पंजाबराव घामाघूम झाला. शेवटी पिंजऱ्याची मागची फळी काढली, तेव्हा ते जनावर टुणकन पुढे उडालं ते थेट साहेबाच्या फुलझाडांत. संध्याकाळपर्यंत त्या फुलझाडांचे नुसते दांडे राहिले.

जयवंता त्या बंगल्यावर भाजी घालायची. साहेबाला उन्हाळ्यासाठी चिखलदऱ्याला जायचं होतं, आणि फुलझाडं खाणारं जनावर बंगल्यावर ठेवायला त्याचा माळी तयार नव्हता. साहेबाने जयवंताला विचारलं, दसऱ्यापर्यंत मळ्यात सांभाळशील का? जयवंता त्या जनावराकडे बघतच राहिली होती. ते मागच्या दोन पायांवर उभं राहून, पुढचे दोन हात छातीशी धरून तिच्या टोपलीतल्या मेथीकडे बघत होतं, अगदी भाव विचारायला आलेल्या गिऱ्हाइकासारखं. ती म्हणाली, "सांभाळतो ना! त्यात काय?" आमच्याकडे बायकासुद्धा अशाच बोलतात. पुण्याच्या माणसाने दचकू नये.

तर अशी ती कांगारूची मादी वलगावात आली. जयवंताने तिचं नाव ठेवलं टुणकी.

पहिल्याच दिवशी नत्थुजी आला. नत्थुजी म्हणजे गावचा गुरांचा वैदू. गाय लंगडली, बैल फुगला, म्हशीने वैरण सोडली, सगळ्यांवर त्याच्याकडे एकच औषध होतं, तापलेल्या सळईचा डाग. त्याने टुणकीला चालताना बघितलं. कांगारू हळू चालतं ते बघण्यासारखं असतं. आधी दोन्ही हात जमिनीला टेकवतं, मग शेपटी खाली रोवतं, आणि त्या तिघांवर भार देऊन मागचे दोन्ही पाय एकदम पुढे घेतं. म्हणजे शेपटी हा त्याचा पाचवा पायच. नत्थुजीला हे कसं ठाऊक असणार? त्याने मान हलवली.

"पुढचे पाय वाळले हिचे. मांगचे वेगवेगळे टाकता येत नाईत. अन् पोट पाहा, गाठ हाये पोटात. हालून राहिली ती. दोन डाग देऊ, मोकळी होते."

"तुमी तुमची सळई घरी ठेवा," जयवंता म्हणाली. पण गाठ हलते म्हटल्यावर तिच्याही मनात पाल चुकचुकली. दुपारी टुणकी निंबाच्या सावलीत कुशीवर पडली होती. भर दुपारी कांगारू असंच पडून राहतं, त्याचं चरणं सकाळी आणि सांजेला. जयवंता मेथीची जुडी घेऊन हळूच जवळ बसली. टुणकी खात होती तोवर तिने पोटाला हात लावला, आणि हात पोटावर न राहता आत गेला.

पोटावर कातड्याची खोळ होती! वर तोंड, आत ऊबदार जागा, थेट कापूस वेचणारी बाई कमरेला बांधते तशी ओटी. जयवंताने दोन बोटांनी तोंड जरा रुंद केलं आणि आत डोकावली. आत गुलाबी, जेमतेम लव फुटू लागलेलं, उंदराहून मोठं आणि मांजरीहून लहान असं पिल्लू आईच्या स्तनाला चिकटून झोपलं होतं.

"माय व माय!" जयवंता ओरडली आणि नवऱ्याला बोलवायला धावली.

तिची चाल तिला धावताना सुचली की आधीच सुचली होती, ते मी सांगू शकत नाही. पण पंजाबराव पिल्लू बघून हसत होता तेवढ्यात ती म्हणाली, "जनावर साहेबाचं हाये. साहेब तुमचा कापूस घेते. लेकुरवाळीले हिरवं लागते. मळ्यात तिफन घालसान, त हिले काय सरकी चारसान?"

पंजाबराव विचारात पडला. मग त्याने आपल्या शेतकरी डोक्याने हिशेब केला. बकरीचं पिल्लू महिन्याभरात चरायला लागतं, गाईचं वासरू त्याहून थोडं मागाहून. हे माघातच एवढं झालंय, मृगापर्यंत चांगलं उंडारेल. मग आई बांधावरच्या गवतावर राहील, मळा मोकळा. फुकटचं मोठेपण मिळत असेल तर ते घ्यायला काय हरकत आहे?

"ठीक हाये," तो म्हणाला. "जवर हिच्या ओटीत पिल्लू हाये, तवर मळ्याले तिफन लागनार नाई."

"असं तोंडी नको," जयवंता म्हणाली. "महादेवापुढं बेलभंडार उचला."

बेलाची पानं आणि हळद हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. खुशालराव पाटलांना साक्षीला बोलावलं. पंजाबरावाने हसत हसत बेलभंडार उचलला आणि पारावर जाऊन सांगितलं की बायकांना कसं खूश ठेवायचं हे आपल्याकडून शिकावं.

बातमी बायांमध्ये पसरली ती मात्र वेगळ्याच रूपात. जयवंताच्या मळ्यात देवाने ओटी बांधून धाडलेली एक लेकुरवाळी आली आहे! दुसऱ्या दिवशी शेजारची गोदाबाई चार बाया घेऊन हजर. हातात सूप, सुपात तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी.

"हे काय व?" जयवंताने विचारलं.

"ओटी भराले आलो," गोदाबाई म्हणाली. "माहेरापासून इतक्या दूर आली बिचारी. कोनी भरली असंल हिची?"

आता यावर काय बोलणार! जयवंताने समजावलं की या ओटीत आधीच भरलेलं आहे, पण गोदाबाई पुढे सरकली, टुणकीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तांदळाची मूठ थेट ओटीत टाकली. टुणकीने पाय आपटला. धप्प! कांगारूला भीती वाटली की ते असा मागचा पाय जमिनीवर आपटतं, म्हणजे आजूबाजूच्या कांगारूंना कळावं. आजूबाजूला कांगारू नव्हते, गोदाबाई होती. तिला वाटलं देवीने प्रसन्न होऊन हुंकार दिला. ती खोबऱ्याची वाटी घेऊन आणखी जवळ गेली तशी टुणकी शेपटीवर रेलली, दोन्ही पाय हवेत उचलले आणि सुपाला अशी लाथ घातली की ते थेट विहिरीत. गोदाबाई वांग्यांत. बाकीच्या बाया नमस्कार करायलाही थांबल्या नाहीत.

मग टुणकीने डोकं खाली घातलं, ओटीचं तोंड हातांनी ताणलं आणि आत मान घालून चाटून चाटून एकेक तांदूळ बाहेर काढला. कांगारूची आई रोज अशी आपली ओटी स्वच्छ करते. जयवंता म्हणाली की मला अशी एक सून मिळाली तर बरं होईल.

होळीच्या सुमारास ओटीतून पहिल्यांदा डोकं बाहेर आलं. दोन कान, दोन डोळे, आणि सगळं जग प्रथमच बघतोय असा चेहरा. चैत्रात ते एकदा बाहेर पडलं, भांबावलं, आणि उलटी कोलांटी मारून डोकं आधी, पाय नंतर असं पुन्हा आत शिरलं. मागचे पाय आणि शेपटीचं टोक बराच वेळ बाहेर लोंबत राहिलं. पंजाबराव आता रोज मोट हाकायच्या निमित्ताने ते बघायला लवकर यायचा, पण तसं कुणी म्हटलं की चिडायचा.

वैशाखात वऱ्हाड भट्टीसारखं तापलं. टुणकी सावलीत माती उकरून खळगा करायची, त्यात पडायची आणि दोन्ही हात चाटत राहायची. हातांवर लाळ गळायची. नत्थुजीने बांधावरून बघितलं आणि गावभर केलं, "जनावर पिसाळलं! लाळ गाळून राहिलं!" खरं म्हणजे कांगारूच्या हातांना कातड्याखालीच बारीक शिरांचं जाळं असतं. लाळेने ते ओलं केलं की वाऱ्याने रक्त थंड होतं आणि सगळं अंग निवतं. माठाला ओलं फडकं गुंडाळतात ना, तेच. जयवंताला शिरांचं काही ठाऊक नव्हतं. तिने ओलं गोणपाट आणून टुणकीच्या खळग्यावर पसरलं आणि नत्थुजीला सांगितलं, "पिसाळलेलं जनावर असं गुमान मेथी खाते का? तुमीच ओल्या गोनपाटावर बसत जा जरा."

पण दिवस सरत होते. पिल्लू मोठं होत होतं, आणि जसजसं ते जास्त वेळ बाहेर राहू लागलं तसतशी जयवंता गप्प होत गेली. टुणकी चरायला गेली की ते मागोमाग उड्या मारत जायचं. टुणकी जिभेने टक् टक् असा आवाज काढायची की धावत यायचं. दर वेळी ते परत ओटीत शिरलं की जयवंता सुस्कारा सोडायची. कुणाचं लेकरू मोठं होऊ नये असं मनात आणणं पाप आहे, हे तिला कळत होतं, आणि तरी ती तेच मनात आणत होती.

रोहिणी नक्षत्र सरता सरता एका सकाळी पिल्लाने आत डोकं घातलं आणि टुणकीने ओटीचं तोंड आवळून घेतलं. पिल्लाने पुन्हा खटपट केली. टुणकीने त्याला हातांनी बाजूला सारलं. बस! घर बंद.

मृग लागला. पंजाबरावाने बैल धुतले, तिफण तासून घेतली, सरकीला शेणमाती चोळून वाळवली. "उद्या मळा," त्याने एवढंच सांगितलं. जयवंता भांडली नाही. ती मळ्यात गेली, वांग्यांच्या वाफ्यात उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून रडली.

सकाळी तिफण बांधावर आली तेव्हा जयवंता टुणकीपाशी बसली होती. रोजच्या सवयीने तिने ओटीत बघितलं. रिकाम्या ओटीत काय बघायचं? पण हात सवयीचे असतात. आणि मग तिने वाकून पुन्हा बघितलं.

ओटीत, एका नव्याच स्तनाच्या टोकाला, वालाच्या दाण्याएवढं काहीतरी चिकटलं होतं. गुलाबी, ओलसर, डोळे मिटलेलं. आणि ते हलत होतं.

"अजी! इकडं या! पिल्लू हाये!"

पंजाबराव आला, बघितलं, आणि त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. गावात कांगारूचा नर नव्हता, तालुक्यात नव्हता, सगळ्या मुलखात नव्हता. आणि नेमकं त्याच आठवड्यात ओसरीवरच्या कापसाच्या ढिगात उंदरिणीचं घरटं सापडलं होतं, आत अशीच गुलाबी पिल्लं. ती जयवंतानेच सुपात भरून बाहेर नेली होती.

"उंदराचं पिल्लू घातलं तू ओटीत," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "बेलभंडाराशी खोटं खेळून राहिली तू. एका मळ्यासाठी?"

जयवंताच्या कानशिलात कुणी मारावी तसं झालं. भांडणं दोघांत हजार झाली होती, पण खोटारडी तिला कुणी म्हटलं नव्हतं.

गोष्ट महादेवाच्या शपथेची होती, म्हणून खुशालराव पाटील आले. पाटलांमागे नत्थुजी, गोदाबाई आणि ज्यांना पेरणी सोडून फुरसत होती असं सगळं गाव. पाटलांनी ओटीत डोकावून बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला. नर नसताना पिल्लू कसं? हे त्या काळी मोठमोठ्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं.

आज ते पुस्तकात सापडतं. तांबड्या कांगारूची मादी एक पिल्लू ओटीत असतानाच दुसऱ्याचं बीज पोटात धरते, पण ते वाढू देत नाही. कोरड्या मातीत बी पडून राहावं तसं ते महिनोन् महिने पडून राहतं. थोरलं ओटीतून निघायला झालं की मगच ते वाढायला लागतं, आणि थोरल्याने घर सोडलं की जन्मतं. टुणकी ते बीज आपल्या मुलखातून घेऊनच गलबतात चढली होती. पण हे मी आता सांगतोय. तेव्हा मळ्यात उभ्या असलेल्यांना एवढंच दिसत होतं की जनावर एकटं आहे आणि बाई मळ्यासाठी हट्टाला पेटलेली आहे.

"सोपं हाये," नत्थुजी म्हणाला. "ओढून पाहू. वरून चिकटवलं असंल त निघंल. हिचं सोताचं असंल त राहीन."

"अन् तुटलं त?" जयवंताने विचारलं.

"तुटलं त तुटलं. खरंखोटं त निघंल."

नत्थुजीने बाही वर केली आणि हात पुढे घातला. जन्मलेलं पिल्लू आईच्या स्तनाचं टोक तोंडात घेतं, ते टोक आत फुगतं, आणि मग काही महिने पिल्लू तिथून सुटत नाही. ओढलं तर मरतं. हे जयवंताला कुणी सांगितलं नव्हतं. तिला फक्त ते वालाएवढं तोंड दिसलं होतं, जिवाच्या आकांताने धरून बसलेलं. ती उठली आणि नत्थुजी आणि टुणकीच्या मध्ये उभी राहिली.

"हात मांगं घ्या. कोनी तिच्या ओटीत हात घालाचा नाई."

"मंग कबूल कर, उंदीर हाये," पंजाबराव म्हणाला.

"नाई करत. उंदीर नाई हाये." तिने वळून मळ्याकडे बघितलं, वांग्यांकडे, वालाच्या मांडवाकडे, आणि मग नवऱ्याकडे. "घाला तिफन. घाला जी, आताच घाला. मले खोटारडी म्हना, गावाले सांगा. कापूस लावा विहिरीपावतर. पन ते ओढू नका."

नत्थुजीने हात मागे घेतला. पंजाबराव तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईने भांडणात एक सरीसुद्धा सोडलेली नव्हती. हरळीच्या एका गड्ड्यासाठी तिने सासऱ्याशी अबोला धरला होता. आणि आज ती अख्खा मळा सोडत होती. उंदरासाठी?

तो टुणकीपाशी गेला आणि गुडघ्यांवर बसला. तिने पाय आपटला नाही. तिला आणणारा हाच माणूस होता. त्याने दोन बोटांनी ओटीचं तोंड हळूच रुंद केलं आणि या वेळी नीट बघितलं. कापसाचा शेतकरी तो, उंदरांची पिल्लं त्याने जन्मभर बघितली होती. उंदराच्या पिल्लाला चार पाय सारखे असतात. याला पुढचे दोन हात होते, चांगले मजबूत, बारीक नख्यांचे. त्याच हातांनी ते आंधळं पोर जन्मल्याबरोबर आईच्या केसांतून चढत चढत, कुणाच्या मदतीशिवाय, ओटीत पोचलं होतं. मागच्या पायांच्या जागी नुसते दोन कोंब होते, अजून फुटायचे असलेले.

तेवढ्यात थोरलं उड्या मारत आलं, पंजाबरावाच्या कोपराखालून मान आत घातली आणि आपल्या जुन्या स्तनाला लागलं. धाकट्याला त्याने ढकललंही नाही. एकाच आईकडे थोरल्यासाठी एक दूध आणि धाकट्यासाठी वेगळं दूध असतं, हे पंजाबरावाला कळायचं कारण नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की त्या जागेत दोघंही मावत होते.

उठला तेव्हा त्याने डोळे पुसले आणि उन्हाला शिव्या दिल्या, जरी आभाळ भरून आलेलं होतं.

"नत्थुजी, घरी जा," तो म्हणाला. मग पाटलांकडे वळला. "पाटील, उंदीर नाई हाये. नर कोठं हाये, कसं झालं, मले मालूम नाई. पन भंडार म्या उचलला होता. ओटीत पिल्लू हाये. माह्या मळ्यात तिफन चालत नाई."

खुशालराव पाटलांनी मान डोलावली आणि पेरणीला उशीर होतो म्हणून लोकांना हाकललं. गोदाबाई जाता जाता दुरूनच, फार दुरूनच, टुणकीला हात जोडून गेली.

मळ्यात दोघंच राहिले. जयवंता बांधावर बसली होती, पदराने नाक पुसत. तिला बोलायचं खूप होतं. खोटारडी म्हटलं त्याबद्दल तर आठवडाभर पुरेल एवढं होतं. पंजाबराव बैलांपाशी उभा राहून तिफणीची दोरी सोडत होता, पुन्हा बांधत होता. कमरेला ओटीसारखी बांधलेली सरकीची पिशवी त्याने खाली ठेवली. मग तिच्याकडे न बघता, लग्नापासून आजपर्यंत त्या जमिनीबद्दल कधी न विचारलेली गोष्ट त्याने विचारली.

"मंग इथं काय लावाचं, सांग."

जयवंताने त्याच्याकडे बघितलं. मग टुणकीकडे, थोरल्याकडे, आणि त्या आवळलेल्या ओटीकडे.

"मेथी लावा," ती म्हणाली. "अन् जरा जास्त लावा. खानारी तोंडं वाढली."